विसरलेला हातचा

काशीत मणिकर्णिकेला लागून उत्तरेच्या अंगाला शिंदे घाट आहे. दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाई यांनी तो १८३० च्या सुमारास बांधविला. काम इतके भव्य व अवजड झाले की, गंगेकाठच्या मातीला त्याचा भार सोसवेना. घाट खचला, चिरे दुभंगले, आणि पुढे ग्वाल्हेरकरांना तो पुन्हा उभारावा लागला. त्याच्या पायथ्याचे रत्नेश्वर महादेवाचे देऊळ तर आजही एका अंगाला कललेले आहे आणि वर्षातील बराच काळ त्याचा गाभारा पाण्याखाली असतो. आईच्या ऋणातून आपण मुक्त झालो असा कोणा एकाला गर्व झाला, म्हणून देऊळ कलले, अशी कथा तेथे सांगतात.

ह्या घाटाचा शेजार पाहण्यासारखा आहे. दक्षिणेला मणिकर्णिका, तिच्या घडणीला अहल्याबाई होळकरांचा हात लागलेला. उत्तरेला थोड्याच अंतरावर नागपूरकर भोसल्यांचा घाट. नदीच्या वरच्या अंगाला अहल्याबाईंच्या नावाचा घाट आणि पेशव्यांच्या खुणा. पुणे, इंदूर, ग्वाल्हेर आणि नागपूर ह्या घराण्यांची माणसे हयातीत एका रांगेत क्वचितच उभी राहिली; गंगेच्या काठी त्यांची बांधकामे मात्र मुकाट्याने एकमेकांना खेटून उभी आहेत. मराठी माणूस हे पाहतो आणि त्याच्या तोंडून हटकून एकच उद्गार निघतो : "हे सारे एक झाले असते तर!"

ह्या उद्गाराचाच आज थोडा विचार करावा, असे आम्हांस वाटते. तो स्वाभाविक आहे, यात शंका नाही. दुहीने राज्य बुडाले हे आपण शाळेत शिकलो, सभांतून ऐकले, मुलांना सांगितले. ते खोटेही नाही. १ जून १७९३ रोजी लाखेरीच्या रणात शिंद्यांच्या व होळकरांच्या फौजांनी एकमेकींवर तोफा डागल्या, आणि त्यानंतर अकरा वर्षे पुरती लोटली नाहीत तोच, डिसेंबर १८०३ मध्ये, दौलतरावांना सुर्जी-अंजनगावच्या तहावर शिक्कामोर्तब करावे लागले. असईच्या वेळी होळकर दूर राहिले, आणि होळकर लढले तेव्हा शिंदे खचलेले होते. दोघांचे भांडण आणि तिसऱ्याचा लाभ, ह्या म्हणीला याहून चांगले उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

परंतु ह्या उत्तराने आपले समाधान फार लवकर होते. शिंदे आणि होळकर ज्या गोष्टींसाठी भांडले, त्या गोष्टी कोणाच्या होत्या, हा प्रश्न त्यात विचारलाच जात नाही. भांडण बव्हंशी तिसऱ्याच्या घरावरून होते, आणि त्या घरात माणसे राहत होती. हे घर म्हणजे जयपूर.

सवाई जयसिंग २१ सप्टेंबर १७४३ रोजी वारला. त्याच्यामागे दोन मुलगे होते. थोरला ईश्वरीसिंग आणि धाकटा माधोसिंग. थोरल्याने गादीवर बसावे हा रिवाज. पण १७०८ मध्ये जयसिंगाने मेवाडच्या राजकन्येशी विवाह केला, तेव्हा तिच्या पोटी मुलगा झाल्यास तोच वारस होईल, असे वचन मेवाडच्या राणाला दिलेले होते. आणि माधोसिंग हा त्या राजकन्येचा मुलगा. एकाच्या बाजूला वय, दुसऱ्याच्या बाजूला वचन. घरचे लोक घरात बसून सोडवू शकतील किंवा सोडवू शकणार नाहीत, असा हा तंटा होता. तो त्यांना सोडवू देण्यात आला नाही.

राजपुतान्यात त्या वेळी मराठ्यांचा दबदबा होता. शिंदे व होळकर दोघेही पेशव्यांचे सरदार. पण मुलूख दूर, पुणे त्याहून दूर, आणि दोन्ही घराण्यांच्या महत्त्वाकांक्षा वाढीला लागलेल्या. शिंद्यांचा ओढा ईश्वरीसिंगाकडे राहिला. मल्हारराव होळकरांनी माधोसिंगाची बाजू उचलली. दोन्ही पक्षांनी पैशांची वचने दिली. पेशव्यांचे धोरण कधी ह्या पारड्यात तर कधी त्या पारड्यात वजन टाकीत राहिले. कारण नानासाहेब कर्जाने गांजलेले होते आणि उत्तरेकडून येणाऱ्या प्रत्येक हप्त्याची पुण्यास वाट पाहिली जात होती. मार्च १७४७ मध्ये राजमहालच्या लढाईत ईश्वरीसिंगाची सरशी झाली. तिची खूण म्हणून त्याने जयपुरात ईसरलाट नावाचा उंच मनोरा उभारला. तो मनोरा आजही उभा आहे. पण त्याचे काम पुरे होईपर्यंत विजयाचा रंग उडून गेला होता. ऑगस्ट १७४८ मध्ये बगरूला मल्हाररावांचे बळ माधोसिंगामागे उभे राहिले आणि ईश्वरीसिंगाला नमते घेऊन भावाला परगणे तोडून द्यावे लागले.

येथे प्रकरण संपले असते तर त्याला आम्ही एक साधी राजकीय सरशी म्हटले असते. पण कबूल केलेली रक्कम थकली होती. १७५० च्या अखेरीस थकबाकीसाठी मल्हाररावांची फौज जयपूरवर चालून आली. खजिना रिता, जाणता मंत्री केशवदास ईश्वरीसिंगाने संशयापायी आपणच विष देऊन मारलेला, मदतीला कोणी नाही. डिसेंबरमध्ये फौज राजधानीच्या जवळ आली, तेव्हा त्या राजाने विष घेऊन प्राण दिला. मल्हारराव शहराजवळ पोहोचले ते वसुलीसाठी, आणि त्यांच्यापुढे आली ती राजाच्या मृत्यूची वार्ता.

मग माधोसिंग गादीवर बसला. होळकरांचे गणित जुळले. सात वर्षे ज्या उमेदवारामागे माणसे व पैसा खर्च केला, तो राजा झाला. जयाप्पा शिंदेही जानेवारीत येऊन पोहोचले. नव्या राजाकडून आता नवी मागणी सुरू झाली. १० जानेवारी १७५१ रोजी मराठ्यांच्या छावणीतील पुष्कळ माणसे जयपूर पाहायला म्हणून शहरात गेली. आखीव रस्त्यांचे नवे शहर, त्याच्या पेठांची कीर्ती मोठी; कोणी खरेदीला गेले, कोणी नुसते हिंडायला. शहराचे दरवाजे बंद झाले आणि कत्तल सुरू झाली. मोठ्या संख्येने माणसे मारली गेली. नंतर माधोसिंगाने दिलगिरी दाखविली, पैसे देण्याचे कबूल केले, आणि सरदारांना दुआबात सफदरजंगाच्या मदतीला जायची घाई होती म्हणून प्रकरण मिटले. म्हणजे कागदावर मिटले.

होळकरांनी ज्याला गादीवर बसविले, त्याच्याच राजधानीत आणि त्याच महिन्यात हे घडले, ही गोष्ट आम्हांला सर्वांत विचार करण्यासारखी वाटते. मल्हारराव भोळे नव्हते. शत्रूचे बळ, वाटेवरचे घाट, दाणावैरणीची सोय, दिल्लीचा कल, जयाप्पांचा मत्सर, हे सारे त्यांच्या हिशेबात होते. आकडे बरोबर मांडले होते आणि उत्तर मात्र चुकले. लहानपणी बेरीज चुकली की गुरुजी म्हणत, "हातचा विसरलास." आकडे सगळे फळ्यावर दिसत, हातचा फळ्यावर नसतो, तो मनात धरायचा असतो. जयपूरच्या बेरजेतला हातचा म्हणजे जयपूर.

शिंद्यांच्या मनात प्रश्न होता : होळकर काय करतील? होळकरांच्या मनात प्रश्न होता : शिंदे काय करतील? पुण्यात प्रश्न होता : रक्कम किती येईल? जयपूरच्या लोकांना ह्या सात वर्षांत काय वाटत असेल, हा प्रश्न कोणाच्याच मनात नव्हता. त्यांना ईश्वरीसिंग हवा होता की माधोसिंग, ह्यापेक्षाही आपल्या राजाची निवड आपल्या वेशीबाहेरच्या छावणीत व्हावी, ह्याचा त्यांना किती संताप असेल, हे कोणी विचारात घेतले नाही. पुण्यास उत्तरेची खबर पोहोचे ती बव्हंशी ह्याच दोन घराण्यांच्या कारभाऱ्यांकडून आणि दरबारोदरबारी बसलेल्या वकिलांकडून. प्रत्येकाने आपल्या धन्याच्या सोयीचे लिहावे हे मनुष्यस्वभावाला धरूनच होते. राजाची थकबाकी किती, हे बिनचूक लिहिले जाई. रयतेच्या मनातली थकबाकी लिहायला बारनिशीत रकाना नव्हता.

आता "हे सारे एक झाले असते तर" ह्या उद्गाराकडे पुन्हा पाहू. समजा, जयाप्पा आणि मल्हारराव एकदिलाने वागले असते. मग काय झाले असते? दोघांनी मिळून एकच वारस ठरविला असता आणि दोघांनी मिळून एकच मोठी खंडणी मागितली असती. जयपूरकरांचा भार हलका झाला असता, असे समजायला काय आधार आहे? दोघांच्या भांडणात निदान एकाविरुद्ध दुसऱ्याकडे दाद मागण्याची सोय त्यांना होती. एकीत तीही उरली नसती. दुही हा दोष खराच, पण तो आपल्या बाजूने पाहिलेला दोष आहे. शेजाऱ्याच्या बाजूने पाहिले तर दोष त्याहून जुना आहे. तो असा की, त्याच्याकडे घर म्हणून न पाहता सोंगटीच्या पटावरील घर म्हणून पाहिले गेले. एकी झाली असती तर खेळणारे बदलले असते; पट तोच राहिला असता.

येथे कोणी म्हणेल, हे सारे घरात बसून बोलणे सोपे आहे. होळकरांनी माधोसिंगाचा पक्ष घेतला नसता तर शिंद्यांनी सारे जयपूर मुठीत घेतले असते. "मी नाही तर तो" ही राजकारणातली सर्वांत जुनी सबब आहे आणि तिच्यात तथ्य नाही असेही नाही. आचार्य कौटिल्याने राजमंडलाची जी रचना सांगितली आहे, तीत शेजारी हा स्वभावतः शत्रू आणि त्याच्या पलीकडचा स्वभावतः मित्र. जगाची रीतच अशी असेल, तर मल्हाररावांना दोष काय म्हणून द्यावा?

ही सबब आम्ही हसण्यावारी नेत नाही. पण तिच्या पोटात एक गृहीत दडलेले आहे. "मी नाही तर तो" असे म्हणणारा माणूस असे धरून चालतो की, तिसरा हा कोणाचा तरी असणारच. प्रश्न फक्त कोणाचा एवढाच. तो स्वतःचाही असू शकेल, ही शक्यता त्याला सुचतच नाही. खुद्द कौटिल्याच्या मंडलात मध्यम आणि उदासीन अशा दोन राजांना स्वतंत्र स्थाने आहेत. ज्याची बाजू ठरलेली नाही अशा राजाला तेथे वजन आहे, बळ आहे, मन आहे. मंडलाचा आधार घेऊन जे लोक शेजाऱ्याला नुसते प्यादे समजतात, त्यांनी ते अर्धेच वाचलेले असते.

महाभारताच्या उद्योगपर्वात ह्याच विषयावर एक प्रसंग आहे. मद्रदेशाचा राजा शल्य हा नकुल-सहदेवांचा मामा. पांडवांच्या मदतीला म्हणून तो फौज घेऊन निघाला. दुर्योधनाने ही बातमी काढली आणि त्याच्या वाटेवर जागोजाग सुंदर मंडप उभारून त्याचा असा काही आदरसत्कार करविला की, हे सारे युधिष्ठिराने केले असे समजून शल्य संतुष्ट झाला आणि सत्कार करणाऱ्याला वर मागायला सांगून बसला. दुर्योधन पुढे आला. शल्य शब्दात सापडला आणि कौरवांच्या बाजूने लढला. दुर्योधनाच्या हिशेबात एक अख्खी अक्षौहिणी वाढली. पण कर्णाच्या रथावर सारथी म्हणून बसला तो हाच शल्य, आणि ऐन युद्धात शब्दाशब्दाने त्याने कर्णाचा तेजोभंग केला. दुर्योधनाला फौज मिळाली. मामाचे मन भाच्यांकडेच राहिले. कर्णाचा असा तेजोभंग करण्याची गळ शल्याला घातली होती ती युधिष्ठिराने, हे व्यासांनी लपविलेले नाही. धर्मराजाचे ते कृत्य धर्माचे होते काय, हा वाद निराळा. येथे एवढेच पुरे की, मन न जिंकता मिळविलेले बळ कोणत्या क्षणी उलटेल हे मिळविणाऱ्याला कळत नाही.

जयपूरचे मन असेच उलटलेले राहिले. १७५५ च्या जुलैत जयाप्पा शिंदे नागोरच्या वेढ्यात दग्याने मारले गेले. तेथेही प्रकरण तसेच होते. जोधपूरच्या गादीचे दोन वारस आणि त्यांपैकी एकामागे मराठी फौज. त्या वेळी जयपूरचे बळ शिंद्यांच्या विरुद्ध गेले. १७६१ च्या जानेवारीत पानिपतावर भाऊसाहेबांच्या बाजूने राजपुतान्यातला एकही मोठा राजा उभा राहिला नाही. त्याबद्दल आपल्या बखरींतून आणि नाटकांतून पुष्कळ खेद व्यक्त झाला आहे. पण मागल्या वीस वर्षांत आपण त्यांच्याकडे किती वेळा गेलो आणि काय मागायला गेलो, ह्याचा हिशेब त्या खेदात क्वचितच असतो. पुढे १७८७ च्या जुलैत, महादजी शिंदे दिल्लीच्या बादशाहीचे वकील-इ-मुतलक असताना, थकलेल्या खंडणीवरूनच लालसोटजवळ जयपूर आणि जोधपूर एकत्र आले आणि महादजींसारख्या धुरंधराला माघार घ्यावी लागली. त्यांनी १७९० मध्ये पाटण आणि मेडते येथे तिचा बदला घेतला. परंतु त्या जयाच्या वाटणीवरून होळकरांशी जे बिनसले, त्याचाच शेवट लाखेरीत झाला. चाळीस वर्षांनंतरही पट तोच, सोंगट्या त्याच, आणि हातचा पुन्हा विसरलेला.

आता आम्ही आमच्या म्हणण्यावरील सर्वांत कठीण आक्षेपाकडे येतो. शेजाऱ्याच्या मनाची पर्वा न केल्याने मराठ्यांचा हिशेब चुकला असे म्हणावे, तर इंग्रजांच्या कंपनीने कोणाच्या मनाची पर्वा केली होती? तिने डिसेंबर १८०३ मध्ये जयपूरशी तह केला आणि दोन-तीन वर्षांतच, तो गैरसोयीचा वाटताच, मोडून टाकला. जयपूरला पुन्हा होळकर आणि पेंढारी ह्यांच्या तोंडी सोडून ती मोकळी झाली. तरी एप्रिल १८१८ मध्ये जयपूर तिच्याच छत्राखाली गेले, आणि राजपुतान्यातली इतर राज्येही त्याच सुमारास गेली. नीती जर यशाचे कारण असेल, तर हे यश कोठून आले?

ह्याला आमचे उत्तर असे आहे. शेजाऱ्याचे मन जाणणे आणि शेजाऱ्याच्या मनाचा मान राखणे, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कंपनीने दुसरी केली नाही. पहिली मात्र केली. राजपूत दरबारांना खंडणीपेक्षाही तिच्या अनिश्चितपणाचे भय वाटते, आज कोण येईल आणि किती मागेल ह्याची धास्ती त्यांना जाळते, हे तिच्या मुत्सद्द्यांनी ओळखले. १८१८ च्या तहात जयपूरकडून त्यांनीही खंडणीच घेतली. पण ती लिहून घेतली. पहिले वर्ष माफ, पुढे दरसाल थोडी वाढत आठ लाखांवर थांबणारी. आकडा जड होता, तरी ठाऊक असलेला होता. मराठ्यांनी जाणलेही नाही आणि मानलेही नाही. म्हणून आम्ही असे म्हणत नाही की, नीतीने वागणाऱ्याचा विजय ठरलेला असतो. इतिहास असे आश्वासन कोणाला देत नाही. आम्ही इतकेच म्हणतो की, तुच्छतेने पाहणाऱ्याची चूक ठरलेली असते. ज्याला आपण मन नाही असे धरतो, त्याचे मन आपल्याला दिसणार कसे? दृष्टीचा हा दोष मुळात नीतीचा आहे. हिशेबाचा दोष त्यातून निपजतो.

आणि कंपनी तरी शहाणपण टिकवू शकली काय? रशियाचा पाय काबुलात पडेल ह्या धास्तीने तिने १८३९ मध्ये दोस्त महंमदाला हुसकून शहा शुजाला काबूलच्या गादीवर बसविले. पुन्हा तेच : "मी नाही तर तो." रशियाचे प्रत्येक पाऊल मोजले गेले. अफगाणांचे मन मोजले गेले नाही. १८४१ च्या नोव्हेंबरात काबुलात उठाव झाला आणि ६ जानेवारी १८४२ रोजी बर्फातून जी सोळा हजारांच्या आसपास माणसे परत निघाली, त्यांपैकी बहुतेक वाटेतच संपली. त्याच वर्षी शहा शुजाचा खून झाला आणि थोड्याच काळात दोस्त महंमद आपल्या गादीवर परतला. जयपूरची कथा बगरूपासून कत्तलीपर्यंत काबुलात पुन्हा घडली. माणसे तेवढी वेगळी. १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा त्याच शहरात शिरल्या आणि १९८९ मध्ये निघून गेल्या. २००१ मध्ये अमेरिकेच्या फौजा आल्या आणि २०२१ मध्ये त्याही निघून गेल्या. प्रत्येकाने प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास कसून केला होता.

ग्रीकांच्या इतिहासात एपिडॅम्नस नावाचे एक लहान गाव येते. तेथील दोन पक्षांत तंटा लागला. एक पक्ष कॉर्किराकडे मदत मागायला गेला. तिने नाकारली म्हणून तो कॉरिंथकडे गेला. मग इसवी सनापूर्वी ४३५ मध्ये कॉर्किरा आणि कॉरिंथ जुंपली, त्यांच्यामागोमाग अथेन्स आणि स्पार्टा ओढले गेले, आणि जे महायुद्ध झाले त्यात सारे ग्रीक जग होरपळले. थ्युसिडिडीसच्या ग्रंथात ह्या युद्धाची कथा एपिडॅम्नसपासून सुरू होते. पण थोड्याच पानांत ते गाव दिसेनासे होते. त्या लोकांचे पुढे काय झाले हे मोठ्यांच्या कथेत महत्त्वाचे उरत नाही. आम्हांला ह्यात फार मोठा अर्थ दिसतो. मोठ्यांच्या चढाओढीत लहान शेजाऱ्याचा पहिला नाश त्याच्या शेतांचा किंवा घरांचा होत नाही. तो त्याच्या नावाचा होतो. तो "प्रश्न" बनतो. जयपूरचा प्रश्न, काबूलचा प्रश्न. घराचा एकदा प्रश्न झाला की, त्यातील माणसांना विचारण्याचे कारण उरत नाही.

आज आपला देश स्वतः मोठ्यांच्या पंक्तीला बसतो आहे आणि त्याच्याही सीमांवर लहान देश आहेत. त्यांच्याविषयी आपल्याकडे जे लिहिले-बोलले जाते, त्यात अमका देश आपल्या हातून निसटला, तमका दुसऱ्याच्या गोटात गेला, ही भाषा वारंवार आढळते. ती भाषा होळकरांच्या छावणीतली आहे. शेजारी हातात नसतोच; म्हणून तो निसटतही नाही. तो आपल्या घरी असतो.

ह्या साऱ्याचा आमच्या वाचकांशी काय संबंध, असे कोणी विचारील. आमचे पुष्कळ वाचक सरकारी अधिकारावर परप्रांती आहेत. राज्यांच्या तहांवर सही करण्याचा प्रसंग त्यांच्यावर येत नाही. पण जयपूरचा हिशेब ज्यांनी लिहून पाठविला, ते कारभारी, कमाविसदार आणि वकील हे तुमच्याआमच्यासारखेच घरापासून शेकडो कोस दूर नेमलेले, परक्या भाषेच्या मुलखात बसलेले, वरच्याला काय आवडेल ह्याचा अंदाज घेऊन लिहिणारे लोक होते. दोन खात्यांची चढाओढ एखाद्या तालुक्यावरून चालते, तेव्हा "आपण नाही घेतले तर ते खाते घेईल" हे वाक्य कोणत्या अधिकाऱ्याने ऐकले नाही? धरण कोणाच्या नावावर, योजना कोणाच्या नावावर, इमारत कोणाच्या ताब्यात, ह्यांवर टिपणांमागून टिपणे लिहिली जातात. ज्या गावासाठी हे सारे, ते गाव त्या धारिकेत एपिडॅम्नससारखे पहिल्या पानावर येते आणि मग दिसत नाही.

नजीबखान रोहिल्याला मल्हाररावांनी वाचविले, त्याचे एक कारण परंपरेने असे सांगतात की, उत्तरेतला हा काटा निघाला तर पेशव्यांना आपली गरज उरणार नाही, असे त्यांना वाटले. हे त्यांच्या मनात खरोखर होते की नाही, हे इतिहासकारांनी पाहावे. पण हा विचार ज्याच्या मनात कधीच डोकावला नाही, असा अधिकारी विरळा. प्रश्न जिवंत राहिला तर आपली खुर्ची जिवंत राहते. तिकडे ज्याचा तो प्रश्न असतो, तो मात्र त्यात मरत असतो.

जयपूरच्या कत्तलीत जे मेले, त्यांत मल्हारराव नव्हते, जयाप्पा नव्हते, खंडणीचा आकडा ठरविणारे कोणीही नव्हते. मेले ते शिपाई आणि बाजारात हिंडायला गेलेले साधे लोक. त्यांच्यावर तलवार उगारणाऱ्यांचे कृत्य क्रूरच होते. सात वर्षांच्या अपमानाने ते क्षम्य ठरत नाही. पण मोठ्यांच्या हिशेबातली तूट कोण भरतो, हे त्या दुपारी स्पष्ट झाले. ज्याने बेरीज केली, तो तूट भरीत नाही. सरदार दुआबात निघून गेले. आपल्याकडेही चुकीचा निर्णय घेणाऱ्याची बदली होते आणि त्याचे फळ भोगायला खालचा कारकून आणि गावचा माणूस मागे राहतो.

म्हणून कोणत्याही हिशेबाखाली सही करण्यापूर्वी अधिकाऱ्याने एक गोष्ट स्वतःला विचारावी, असे आम्हांस वाटते. ह्या कागदात ज्याच्याविषयी लिहिले आहे, त्याला स्वतःला काय वाटते, हे मला ठाऊक आहे काय? ठाऊक नसेल तर तो आकडा अपुरा आहे, मग तो कितीही व्यवस्थित मांडलेला असो. असे विचारल्याने प्रत्येक वेळी यश येईल, असे नाही. पुष्कळदा वरिष्ठांची नाराजीच पदरी येईल. पण मुलूख परका आहे, माणसे परकी नाहीत, एवढे ज्याला कळले त्याने आपल्या नेमणुकीचे निम्मे काम केले. उरलेले निम्मे बेरीज-वजाबाकीचे असते, आणि ते आपल्या कचेऱ्यांत पुष्कळांना येते.